होमकमिंगच्या डान्सला लेकीला पाठवू का?

पत्र असं आहे :

"ताई, आम्ही टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो. माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. मिस्टर वसईचे कॅथलिक. इथे मात्र आम्ही सगळे घराजवळच्या बॅप्टिस्ट चर्चला जातो. मुलगी पंधरा वर्षांची आहे, टेन्थ ग्रेडला. ऑक्टोबरमध्ये तिच्या शाळेचं होमकमिंग आहे, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताचा शाळेचा वार्षिक सोहळा. शुक्रवारी फुटबॉलची मॅच आणि शनिवारी रात्री आठ ते अकरा शाळेच्या जिममध्ये डान्स. वर्गातल्या एका मुलाने पोस्टर धरून सगळ्यांसमोर तिला विचारलं. ती 'घरी विचारून सांगते' म्हणाली. मिस्टर म्हणतात, जाऊ दे की, आमच्याकडे लग्नात आजीसुद्धा बँडवर नाचते. माझी आई सध्या इथे आली आहे. ती म्हणते, आपल्या घरच्या पोरी नाचायला जात नाहीत. चर्चच्या यूथ लीडरने मुलांना सांगितलंय की ख्रिस्ती मुलांनी असल्या ठिकाणी पाऊल ठेवू नये. गंमत म्हणजे हीच मुलगी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत दरवर्षी स्टेजवर नाचते आणि आई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. काल मी 'नाही' म्हटलं, तर लेक म्हणाली, 'आई, मी विचारलं हेच चुकलं. बाकीच्या मुली फ्रेंडकडे स्लीपओव्हर आहे सांगून जातात.' मला झोप लागली नाही. मी काय करू? आणि पाठवलंच तर चर्चमध्ये काय सांगू?"

ताई, तुमच्या लेकीचं ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'मी विचारलं हेच चुकलं.' डान्सचं काय ठरेल ते ठरेल, पण त्याआधी हे वाक्य तिच्या मनातून पुसलं गेलं पाहिजे. आज रात्री तिच्या खोलीत जाऊन बसा आणि सांगा : तू विचारलंस ते बरोबर केलंस, मी घाईने 'नाही' म्हटलं, आता आपण दोघी मिळून यावर नीट बोलू. आई विचारल्यावर फक्त नकारच देते असं पंधराव्या वर्षी मनात बसलं, की सोळाव्या वर्षी विचारणं बंद होतं. आणि खरी काळजी करण्याजोगे प्रश्न तर सोळाव्या-सतराव्या वर्षीच येतात.

माझं मत विचारत असाल तर, तिची स्वतःची इच्छा असेल तर तिला पाठवा. डोळे उघडे ठेवून, तयारी करून, तुमच्या घराच्या मर्यादा सांगून पाठवा. का म्हणते, ते सांगते.

तुमच्या यूथ लीडरने मुलांना बहुधा हेरोदाच्या मेजवानीचा दाखला दिला असेल, किंवा लोक ज्या मूर्तीपुढे नाचले त्या सोन्याच्या वासराचा. दोन्ही दाखले खरे आहेत. पण पवित्र शास्त्रात नाच एवढाच नाही. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामेने डफ हातात घेतला आणि सगळ्या स्त्रिया तिच्यामागे नाचत निघाल्या (निर्गम १५). कराराचा कोश यरुशलेमेत येत होता तेव्हा दावीद राजा सगळी शक्ती लावून परमेश्वरापुढे नाचला, आणि खिडकीतून पाहून त्याला तुच्छ लेखलं ते त्याच्या बायकोने, मीखलने (२ शमुवेल ६). स्तोत्र १४९ आणि १५० मध्ये नाचून देवाची स्तुती करायला सांगितलं आहे. उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायात शोक करण्याच्या समयाशेजारीच नृत्य करण्याचा समय आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेतातून परत येतो तेव्हा त्याला घरातून गाण्याचा आणि नाचण्याचा आवाज येतो. तो सोहळा परत आलेल्या धाकट्यासाठी बापाने मांडलेला असतो, आणि बाहेर रुसून उभ्या राहिलेल्या मुलाची समजूत घालायला बापच बाहेर येतो.

आता हेरोदाचा प्रसंग मार्कच्या सहाव्या अध्यायात पुन्हा एकदा वाचा, आणि या वेळी त्या मुलीकडे बघून वाचा. मेजवानी राजाच्या वाढदिवसाची, समोर त्याचे सरदार आणि प्रतिष्ठित लोक. मुलगी नाचते, राजा खूश होऊन नको ती शपथ घेतो. मुलगी बाहेर जाऊन आईला विचारते, काय मागू? आणि आई तिला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर मागायला सांगते, स्वतःचा सूड उगवायला तिचा वापर करते. त्या संपूर्ण वाड्यात त्या मुलीचं भलं बघणारं एकही मोठं माणूस नव्हतं. मला त्या प्रसंगातलं सगळ्यात भयानक तेच वाटतं. शास्ते या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातही असंच आहे. शिलोच्या मुली परमेश्वराच्या सणात नाचायला बाहेर पडल्या, आणि द्राक्षमळ्यांत दबा धरून बसलेल्या पुरुषांनी त्यांना पळवून नेलं. मुली सण साजरा करत होत्या. पाप मळ्यात लपलेल्यांच्या आणि त्यांना तिथे लपायला सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या माथी होतं. म्हणून मुलगी नाचणार की नाही, यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की ती जिथे जाणार तिथे कोण असेल, तिच्यावर कोणाची नजर असेल, आणि तिने वळून आईला विचारलं तर आई काय उत्तर देईल.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांचं म्हणणं जुनाट म्हणून बाजूला सारू नका. मिस्टरांनाही सांगा की त्यावर हसू नका. वसईचं ख्रिस्ती जीवन पोर्तुगीज काळापासूनचं, सोळाव्या शतकातलं. तिथे लग्न, सण, बँड, नाच हे सगळं धर्माबरोबरच वाढलं. नगरची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ मध्ये आले आणि नगरला १८३१ मध्ये. ते बोस्टनकडच्या परंपरेतले. त्याच बोस्टनच्या पाळकांनी १६८४ साली स्त्री-पुरुषांच्या एकत्र नाचाविरुद्ध पुस्तिका छापली होती. (त्यातसुद्धा नाच हा आनंदाचा नैसर्गिक उद्गार आहे हे त्यांनी मान्य केलं होतं, आक्षेप एकत्र नाचण्याला होता.) तिथून आलेल्या मिशनऱ्यांनी आपली शिस्त नगरच्या मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या चर्चेसना, दिली.

पण नगर-जालना भागातल्या आपल्या लोकांनी ती शिस्त एवढी मनापासून धरली, याचं कारण एकटे मिशनरी नव्हते. ख्रिस्ती झालेल्यांतले कितीतरी महार आणि मांग समाजातले. गावाच्या लग्नात, जत्रेत हलगी वाजवायची ती त्यांनी, आणि ती हौस नव्हती, गावकीने लादलेलं काम होतं. तमाशाच्या फडात उभं राहायचं तेही बरेचदा त्यांच्याच घरातल्या माणसांनी. पैसे फेकणाऱ्यांच्या नजरेखाली बाईने नाचायचं म्हणजे काय, हे त्या पिढ्यांनी जवळून पाहिलं होतं. अशा घरातली मुलगी मिशनच्या शाळेत गेली, नर्स झाली, मास्तरीण झाली, आणि तिने ठरवलं की माझ्या घरातली पोर कोणापुढे नाचणार नाही. त्या निश्चयात केवढा स्वाभिमान होता! तुमचं घर नेमकं कुठल्या वाटेने आलं ते मला माहीत नाही. पण तुमच्या आईंच्या त्या एका वाक्यामागे असं काहीतरी असू शकतं, आणि तुमच्या लेकीला ते ऐकायला मिळालं पाहिजे. तिला आजीजवळ बसवा. 'नाचायला जात नाहीत' असं का, कोणी ठरवलं, आजीच्या आईच्या वेळी काय होतं, हे तिला विचारू द्या. आणि मग लेकीने आजीला शाळेचा डान्स म्हणजे काय असतो ते सांगावं. शक्य झालं तर मागच्या वर्षीचे शाळेचे फोटो दाखवावेत. आजीचा होकार मिळेलच असं नाही. पण नात आपल्याला टाळून गेली नाही, आपलं ऐकून गेली, हे त्यांना कळेल.

त्याच नगरच्या मंडळींची आणखी एक गोष्ट आईंना आठवत असेल. एकोणिसाव्या शतकात तिथेच ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कीर्तन म्हणजे देवळातलं, म्हणून टाकून द्या, असं म्हणणं सोपं होतं. आपल्या वडीलधाऱ्यांनी ते पारखलं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवलं, आणि ख्रिस्ताची कथा टाळ-मृदंगावर सांगितली. आपल्या घराण्यांना फक्त 'नको' म्हणता येत होतं असं नाही, त्यांना निवडताही येत होतं.

मंडळाच्या दिवाळीत टाळ्या आणि होमकमिंगला नकार, ही विसंगती तुम्हीच लिहिली आहे. तिच्यावरून आईंना पेचात पकडू नका, पण तुम्ही स्वतः तिचा विचार करा. नाचाला नाच म्हणून तुमच्या घरात कोणाचाच विरोध नाही, हे त्यातून दिसतं. भीती अंधाऱ्या खोलीची आहे, परक्या मुलाच्या स्पर्शाची आहे, आणि आपल्याला ज्यातलं काही माहीत नाही अशा जागेची आहे. अशी भीती नावानिशी समोर मांडली की तिच्यावर उपाय करता येतो.

तेव्हा आधी जागेची माहिती करून घ्या. शाळेच्या वेबसाइटवर डान्सचे नियम असतात, नाहीतर ऑफिसला फोन करा. साधारणपणे दारात आयडी बघतात, बॅगा तपासतात, शिक्षक आणि बहुतेक ठिकाणी एखादा पोलिस ऑफिसर हजर असतो. एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. दुसऱ्या शाळेचा पाहुणा आणायचा तर आधी फॉर्म भरावा लागतो. आत डीजे असतो, दिवे मंद असतात, आणि बहुतेक वेळ मुलं-मुली घोळका करून उड्या मारत असतात, ओरडत गाणी म्हणत असतात. मधूनच एखादं संथ गाणं लागतं. पालकांना स्वयंसेवक म्हणून बोलावतात, तिथे नाव द्या. लेकीला अवघडल्यासारखं होणार असेल तर जिमच्या आत न थांबता तिकिटांच्या टेबलावर किंवा पाण्याच्या टेबलावर काम मागा.

आता एक गोष्ट तिच्याशी स्पष्ट शब्दांत बोलावी लागेल, आणि आपल्याला ती अवघड जाते. काही मुलं मागून येऊन अंगाला अंग घासून नाचतात. कित्येक शाळांनी त्यावर बंदी घातली आहे, तरी ते घडतं. तिला हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे तिथे गोंधळून गोठून जाणार नाही. तिला सांगा की कोणी नको तसं जवळ आलं तर हात पुढे करून 'नो' म्हणायचं आणि मैत्रिणींच्या घोळक्यात जायचं. चांगलं वागण्याच्या नादात सहन करायचं नाही. आणि आपल्या मैत्रिणीच्या बाबतीत असं होताना दिसलं तर तिला हाताला धरून बाजूला आणायचं. 'तुझं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे' हे आपण मुलींना पोशाखापुरतंच सांगत आलो. त्याचा हाही अर्थ आहे, की त्याला हात लावायचा हक्क कोणालाही आपोआप मिळत नाही.

त्या मुलाबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही. सगळ्यांसमोर पोस्टर धरून विचारणं ही तिथली रीत आहे. त्यात मुलाचा हेतू वाईट असतो असं नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत 'नाही' म्हणणं मुलीला कठीण जातं. अशा वेळी तुमच्या लेकीने घरी विचारून सांगते म्हटलं, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. दहावीतल्या मुलीने जोडीने जाऊ नये असं माझं मत आहे. मैत्रिणींच्या ग्रुपबरोबर जावं. तो मुलगा आणि त्याचे मित्र त्याच ग्रुपमध्ये आले तर हरकत नाही. हे त्याला तिने स्वतः सांगावं, नीट शब्दांत, एकट्यात, कारण त्यालाही मान आहे. आणि तुम्ही त्या सगळ्यांना डान्सच्या आधी घरी फोटोंसाठी बोलवा. मुलगा तुमच्या दिवाणखान्यात आला, आजींना भेटला, तुमच्या मिस्टरांशी हात मिळवला, की तोही एका घराला ओळखतो आणि तुम्हीही त्याला ओळखता.

खरा धोका मात्र अकरानंतर सुरू होतो. जिममध्ये शिक्षक असतात. त्यानंतर कोणाच्या तरी रिकाम्या घरी, हॉटेलच्या खोलीत किंवा तळ्याकाठच्या घरात जी पार्टी असते तिथे कोणी नसतं. अमेरिकेत दारूचं वय २१ आहे, पण त्या रात्री दारू मिळवणारे मिळवतात, आणि मग सोळा-सतराची मुलं गाडी चालवत घरी निघतात. मला सगळ्यात जास्त भीती या गाडीची वाटते. टेक्ससमध्ये अठराच्या आतल्या मुलाच्या तात्पुरत्या लायसन्सवर, घरचे सोडून, एकवीसच्या आतला एकच जण गाडीत बसवता येतो. पाच-सहा जण कोंबून नेणारी गाडी म्हणजे नियम मोडणारी गाडी, हे तिला माहीत असू द्या. तेव्हा जाताना आणि येताना गाडी तुमची किंवा मिस्टरांची. आफ्टर-पार्टीला ठाम नकार, यात चर्चा नाही. पण तो नकार रिकामा ठेवू नका. अकरा वाजता सगळा ग्रुप तुमच्या घरी आणा आणि पावभाजी करा. मुलांना रात्री भूक लागते, बूट काढून पाय पसरून गप्पा मारायच्या असतात. साडेबारापर्यंत तुमचं स्वयंपाकघर गजबजलेलं राहू द्या.

आणखी एक ठरवून ठेवा. ती तिथून कधीही फक्त एक अक्षर मेसेज करील आणि तुम्ही लगेच निघाल. मैत्रिणींसमोर तिला तुमचं नाव पुढे करता येईल, 'आईने बोलावलंय, काहीतरी अर्जंट आहे.' त्या रात्री गाडीत प्रश्न नाहीत, उलटतपासणी नाही. सकाळी तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

कपड्यांवरून घरोघरी रडारड होते, म्हणून दोन शब्द. तुम्ही दोघी मिळून खरेदीला जा. दुकानाच्या खोलीत तिला दोन्ही हात वर करायला सांगा, वाकायला सांगा, खाली बसायला सांगा. दर मिनिटाला ओढत राहावं लागेल असा ड्रेस असेल तर ती स्वतःच म्हणेल, नको. त्यानंतर बाह्या आणि गुडघे यांवर इंच मोजत बसू नका. आणि टेक्ससमध्ये होमकमिंगचा तो मोठा 'मम' असतो ना, कापडी शेवंती, भोवती हातभर रिबिनी आणि घुंगरं, त्यावर काही घरं शेकडो डॉलर घालवतात. तिला एक रक्कम ठरवून द्या आणि त्यात काय घ्यायचं ते तिला निवडू द्या. घरी आजीबरोबर बसून मम बनवता आला तर आजींनाही त्या दिवसात जागा मिळेल. पण हा आग्रह मुलीने धरला तर बरा, तुम्ही नको.

आता चर्च. यूथ लीडर मुलांच्या भल्यासाठीच बोलत असेल, यात मला शंका नाही. पण 'ख्रिस्ती मुलांनी जाऊ नये' हा सगळ्या ख्रिस्ती लोकांचा नियम कधीच नव्हता, आणि त्याच्या स्वतःच्या परंपरेतही तो बदलत आला आहे. अमेरिकेच्या मेथडिस्टांनी १८७२ मध्ये आपल्या नियमपुस्तकात नाच निषिद्ध म्हणून लिहिला आणि पुढे तो नियम सैल केला. तुमच्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर वेको आहे. तिथल्या बेलर या बॅप्टिस्ट विद्यापीठात, १८४५ पासूनच्या इतिहासात, आवारात पहिला डान्स झाला तो १९९६ साली. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजने विद्यार्थ्यांवरची बंदी २००३ मध्ये उठवली. ही माणसं एका रात्रीत विश्वास सोडून बसली नाहीत. त्यांनी प्रार्थनापूर्वक ठरवलं की देवाच्या आज्ञा कोणत्या आणि आपल्या पूर्वजांनी घातलेलं कुंपण कोणतं, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे.

पौलाने रोमच्या आणि करिंथच्या मंडळ्यांना याच प्रकारच्या भांडणावर लिहिलं आहे. तिथे प्रश्न मांस खाण्याचा होता, करिंथमध्ये तर मूर्तीला दाखवलेल्या मांसाचा. त्याने खाणाऱ्याला सांगितलं, न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नकोस. आणि न खाणाऱ्याला सांगितलं, खाणाऱ्याचा न्याय करू नकोस. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. करिंथकरांना तर तो म्हणतो की विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर जा. दुर्बळ भावाला अडखळण होऊ नये, हेही त्यानेच लिहिलं आहे, आणि चर्चमध्ये तुम्हाला तेच ऐकवतील. पण अडखळणारा म्हणजे आपलं बघून स्वतःच्या विवेकाविरुद्ध वागायला लागणारा. ज्याला आपलं वागणं फक्त आवडत नाही तो नव्हे. तुमच्या लेकीच्या यूथ ग्रुपमध्ये अशी एखादी मुलगी असेल, जिला मनापासून वाटतं की जाणं चूक आहे, तर तुमच्या लेकीने तिला 'चल ना, काही होत नाही' असा आग्रह करू नये, आणि सोमवारी तिच्यासमोर फोटो मिरवू नयेत. एवढं तिचं कर्तव्य आहे.

हाच नियम तुमच्या लेकीलाही लागू आहे. तुम्ही दोघींनी सगळं बोलून झाल्यावर कदाचित ती म्हणेल, मला आत कुठेतरी बरं वाटत नाही, मला नाही जायचं. मग तिला ढकलू नका. मिस्टरांनीही 'जा गं, मजा कर' म्हणू नये. दानीएलाने बाबेलच्या राजवाड्यात खास्द्यांची भाषा शिकली, त्यांनी दिलेलं नाव चालवून घेतलं, त्यांच्या दरबारात चाकरी केली, आणि राजाच्या पक्वान्नांपाशी मात्र थांबला. रेघ कुठे ओढायची हे त्याने मनात ठरवलं होतं, आणि तेव्हा तो तुमच्या लेकीसारखाच घरापासून लांब वाढणारा तरुण होता. तिची रेघ डान्सच्या अलीकडे असेल तर तिचा मान राखा, त्या शनिवारी मैत्रिणींना घेऊन दुसरं काही करा. तिची रेघ डान्सच्या पलीकडे, आफ्टर-पार्टीच्या अलीकडे असेल, तर तिचाही मान राखा. मला पर्वा आहे ती रेघ तिची असण्याची. दोन-तीन वर्षांत ती कॉलेजच्या हॉस्टेलवर असेल, तिथे तुम्ही नाही, आजी नाही, यूथ लीडर नाही. आज तुमच्या देखत, अकराला घ्यायला येणारी गाडी दारात उभी असताना, तिला ठरवायचा सराव होतो आहे.

आणि प्रॉम, म्हणजे हायस्कूल संपतानाचा मोठा डान्स? ते अजून लांब आहे, बारावीच्या आसपास, वसंतात. तिथे लिमोझिन, मोठ्या रात्रीच्या योजना आणि जोडीने जाण्याचा दबाव जास्त असतो. त्यासाठी वेगळं बोला. आज दिलेला होकार तिकडे आपोआप लागू होत नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

चर्चमध्ये काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. लपवू नका. इन्स्टाग्रामवर फोटो येतीलच, आणि तिथून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. डान्सच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही दोघं नवरा-बायको यूथ लीडरला भेटा. लेकीला पुढे करू नका, निर्णय पालकांचा आहे. त्याला सांगा : तुम्ही आमच्या मुलीची काळजी करता याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही घरात प्रार्थना केली, शास्त्र वाचलं, तिच्याशी बोललो आणि तिला पाठवायचं ठरवलं. आम्हीच नेणार, आम्हीच आणणार, नंतर मुलं आमच्या घरी असतील. तुम्हीही या, पावभाजी आहे. तो सहमत झाला नाही तरी चालेल. पण त्याने ग्रुपसमोर तिच्याबद्दल बोलू नये, आणि उपासनेत गाण्यातून वगैरे तिला काढायचा विचार असेल तर आधी तुमच्याशी बोलावं, एवढं स्पष्ट मागा. त्याने ऐकलं नाही तर पाळकांकडे जा. मंडळीत मतभेद असणं हे मंडळी सोडायचं कारण नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर लाज आणणं खपवून घ्यायचं कारणही नाही.

एक गोष्ट त्या भेटीत त्याच्यापुढे ठेवता येईल. २०१५ पासून फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइनच्या आधीच्या शुक्रवारी, कितीतरी चर्चेसमध्ये 'नाइट टू शाइन' नावाची रात्र होते. टिम टीबो फाउंडेशन ती भरवतं. विशेष गरजा असलेल्या, चौदा वर्षांवरच्या मुलामाणसांसाठी ती प्रॉमची रात्र असते. चर्चच्या आवारात गालिचा अंथरतात, प्रत्येक पाहुण्याला मुकुट घालतात, आणि मग सगळे नाचतात. तुमच्या भागातलं कोणतं चर्च ती भरवतं ते शोधा, आणि यूथ ग्रुपने स्वयंसेवक म्हणून जावं असं सुचवा. तुमची लेक पुढाकार घेईल असं मला तिच्या त्या उत्तरावरून वाटतं. त्यासाठी नावं बरीच आधी द्यावी लागतात, म्हणून ही चौकशी पुढे ढकलू नका. होमकमिंगची तिकिटंही बहुधा आदल्या आठवड्यातच विकून बंद करतात, तेव्हा लेकीशी बोलणं आजच होऊ द्या, आणि आजीजवळ तिला उद्या बसवा.